'प्रोग्रॅम' नावाचा प्रोग्रॅम कोण चालवतंय? मामाचा पीसी, विंडोज १० चा शेवट आणि माझी चूक

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. त्यानंतरच्या शनिवारी रात्री मी दिवाळीसाठी आंजर्ल्याला पोहोचलो. बॅग ठेवतोय तोच मामाने विचारलं, "काय रे, आता आपला कॉम्प्युटर बंद पडणार म्हणतात, खरं का?"

मामाचं आंजर्ल्यात छोटं दुकान आहे. झेरॉक्स, प्रिंट, ऑनलाइन फॉर्म, रिझल्ट, हयातीचे दाखले. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये कासवाची पिल्लं बघायला पर्यटक येतात, तेव्हा होमस्टेची बुकिंगही त्याच पीसीवर होतात. पीसी चौथ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा, ४ जीबी रॅम, जुनी फिरणारी हार्ड डिस्क. बटण दाबलं की मामा दुकान झाडून घेतो, उदबत्ती लावतो, चहा घेतो. तोवर डेस्कटॉप येतो. माऊस हलायला लागेपर्यंत आणखी पाच मिनिटं.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. मामाला म्हटलं, बंद बिंद काही पडत नाही, आणि हा स्लोनेस तर मी अर्ध्या तासात घालवतो. पहिलं वाक्य बरोबर होतं. दुसऱ्यामुळे एका ८४ वर्षांच्या माणसाची दुसऱ्या दिवशीची अख्खी सकाळ वाया गेली.

यादीत नक्की काय होतं

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात स्टार्टअपचा टॅब असतो. पीसी चालू झाल्यावर आपोआप काय काय सुरू होतं त्याची ही यादी. मामाच्या पीसीवर १९ ओळी होत्या. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, प्रिंटरची दोन, वनड्राइव्ह, एक मीटिंगचं ॲप (मामाने आयुष्यात एकही मीटिंग केलेली नाही), टोरेंटचं एक (हे कुणाचं, ते मामेभावाने अजून कबूल केलेलं नाही), आणि तीन ओळी अशा की नाव फक्त 'प्रोग्रॅम', आयकॉन कोरा, कंपनीचं नाव नाही.

हा कोरा 'प्रोग्रॅम' पाहून बरेच जण घाबरतात. बहुतेक वेळा तो व्हायरस नसतो, भूत असतं. म्हणजे असं: एखादं सॉफ्टवेअर इन्स्टॉल होताना रजिस्ट्रीत स्वतःचा पत्ता लिहून ठेवतं, आणि तो 'प्रोग्रॅम फाइल्स' या फोल्डरमधला असतो. या नावात मध्ये एक स्पेस आहे. पत्ता अवतरण चिन्हांत लिहिला नसेल तर विंडोज स्पेसपाशी अडखळतं आणि 'प्रोग्रॅम' इतकंच नाव समजतं. पुढे ते सॉफ्टवेअर काढून टाकलं तरी ही ओळ मागे राहते. घर पाडलं, पण दारावरची पाटी तशीच.

अर्थात ही खात्री डोळे मिटून करायची नाही. स्टार्टअप टॅबमध्ये वरच्या कॉलमच्या नावांवर राइट क्लिक करा आणि 'कमांड लाइन' हा कॉलम चालू करा. आता प्रत्येक ओळीचा पूर्ण पत्ता दिसतो. मामाच्या तीनपैकी दोन पत्ते केव्हाच काढून टाकलेल्या जुन्या प्रिंटरचे होते, तिसरा एका काढलेल्या अँटिव्हायरसचा. तिन्ही बंद केले.

तिथेच 'स्टार्टअप इम्पॅक्ट' नावाचा कॉलम आहे. त्यात 'हाय' दिसलं की लोक समजतात धोका जास्त. धोक्याशी त्याचा काही संबंध नाही. सुरू होताना प्रोसेसरचा एक सेकंदापेक्षा जास्त वेळ किंवा डिस्कवर ३ एमबीपेक्षा जास्त वाचन-लेखन झालं की विंडोज 'हाय' लिहितं. चांगलं अँटिव्हायरस 'हाय' असू शकतं आणि तुमचे पासवर्ड चोरणारी २० केबीची स्क्रिप्ट 'लो'.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. इथेच थांबलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

रीलमधला सल्ला

तुम्हीही ही रील पाहिली असेल. 'तीस सेकंदांत पीसी रॉकेट'. रन उघडा, एमएसकॉन्फिग टाइप करा, सर्व्हिसेसच्या टॅबवर जा, 'हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस' वर टिक करा, मग 'डिसेबल ऑल'. रीस्टार्ट. शेवटी रॉकेटचा इमोजी.

रील बघून करणाऱ्यांना मी ऑफिसात हसतो. त्या रात्री मी तेच केलं. जेवण झालं होतं, डोळ्यांवर झोप होती, मामा शेजारी उभा होता आणि मला त्याच्यासमोर पीसी झटकन चालू करून दाखवायचा होता. दाखवलाही. बूट निम्म्या वेळात झालं. मामी म्हणाली, "बघा, शिकलेल्या माणसाचं काम!"

ही पायरी मुळात कशासाठी आहे ते आता सांगतो. मायक्रोसॉफ्टच्या भाषेत तिला 'क्लीन बूट' म्हणतात. पीसीत काहीतरी बिघडलंय पण कशामुळे ते कळत नाही, तेव्हा बाहेरच्या सगळ्या सर्व्हिसेस थोड्या वेळासाठी बंद करायच्या, आणि मग काही काही परत चालू करत दोषी कोण ते शोधायचं. म्हणजे ही तपासणी आहे. रक्त तपासायला उपाशीपोटी या सांगतात, म्हणून कोणी कायमचं उपाशी राहत नाही. रीलवाल्यांनी तपासणीलाच औषध करून टाकलंय.

रविवारी सकाळी केळशीहून एसटीने एक आजोबा आले. पोस्टातून निवृत्त, वय ८४. केंद्र सरकारच्या पेन्शनरांना दरवर्षी नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि ८० वर्षांवरच्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. 'जीवन प्रमाण' ही डिजिटल सोय २०१४ पासून आहे. अंगठा लावला, आधारशी जुळला, दाखला तयार. दाखला वेळेत गेला नाही तर पेन्शन अडकते.

आजोबांनी अंगठा ठेवला. स्कॅनरचा दिवा लागलाच नाही. स्क्रीनवर 'डिव्हाइस सापडलं नाही'. मामाने वायर काढून परत लावली, दुसऱ्या पोर्टला लावली. मी ड्रायव्हर परत टाकला. आजोबा स्टुलावर बसून म्हणत होते, "माझाच अंगठा झिजला असेल हो, दरवर्षी त्रास देतो." दीड तासाने ते परतीची एसटी पकडायला निघाले. जाताना मलाच म्हणाले, "असू दे बाळा, येईन परत."

कारण सापडायला दुपारचे तीन वाजले. आधारचा अंगठा स्कॅनर थेट वेबसाइटशी बोलत नाही. मध्ये 'आरडी सर्व्हिस' नावाचा एक प्रोग्रॅम असतो. आधारच्या नियमानुसार अंगठ्याची माहिती तिथेच एन्क्रिप्ट होऊन पुढे जायला हवी. ही सर्व्हिस पीसी चालू झाला की मागे सुरू होते आणि त्याच पीसीच्या ११,१०० ते ११,१२० या पोर्टांपैकी एकावर वाट बघत बसते. दाखल्याचं सॉफ्टवेअर या पोर्टांवर एकामागून एक हाक मारतं. कुणीच 'ओ' दिली नाही, तर त्याच्या दृष्टीने स्कॅनर अस्तित्वातच नाही.

ही सर्व्हिस मायक्रोसॉफ्टची नाही. तिचं नाव विचित्र, आकडे-अक्षरांचं. म्हणून मी 'डिसेबल ऑल' केलं तेव्हा तीही गेली. परत चालू केली, रीस्टार्ट केला, दिवा लागला. आजोबा तोवर केळशीत पोहोचले होते.

आणि खरा चोर यादीत नव्हताच

त्या दुपारी माझा कान आणखी एका गोष्टीने धरला. कॉलेजची एक मुलगी पेन ड्राइव्ह घेऊन प्रिंट काढायला आली. पेन ड्राइव्ह लावल्यावर तिचे सगळे फोल्डर गायब, आणि त्यांच्याच नावाचे शॉर्टकट, डाव्या कोपऱ्यात छोटा बाण असलेले. मामा सहज म्हणाला, "आपल्याकडे होतं असं. शॉर्टकटवर क्लिक केलं की फोल्डर उघडतो, अडत नाही काही."

अडत नाही, हीच तर त्याची युक्ती. शॉर्टकट आधी व्हायरस चालवतो आणि मग तुमचा फोल्डर उघडून देतो. तुम्हाला काही खटकत नाही. असे पेन ड्राइव्हवरचे जंतू बारा-पंधरा वर्षांपासून आपल्याकडच्या सायबर कॅफे, झेरॉक्सची दुकानं, कॉलेजच्या लॅब यांतून फिरतायत. मामाच्या दुकानात येणारा प्रत्येक पेन ड्राइव्ह तो लावून परत जात होता. आणि त्याच पीसीवर गावातल्या लोकांच्या आधार, पॅन, पासबुकाच्या स्कॅन प्रती पडलेल्या होत्या. त्या बाहेर गेल्या का, मला सांगता येणार नाही. हे लिहितानाही पोटात गोळा येतो.

आदल्या रात्री मी १९ ओळी तपासल्या, सर्व्हिसेस बंद केल्या, तरी हा सुटला. कारण टास्क मॅनेजरचा स्टार्टअप टॅब अर्धीच गोष्ट सांगतो. त्यात रजिस्ट्रीतल्या 'रन' नावाच्या जागा आणि स्टार्टअप फोल्डर दिसतात. सर्व्हिसेस दिसत नाहीत. टास्क शेड्युलरमधली कामंही दिसत नाहीत. हा पठ्ठ्या शेड्युलरमध्ये बसला होता: कुणीही लॉगिन केलं की युजरच्या 'ॲपडेटा' फोल्डरमधली एक स्क्रिप्ट चालवायची. चालवणारा कोण? 'डब्ल्यूस्क्रिप्ट', खुद्द मायक्रोसॉफ्टचा, सही-शिक्क्यासह असली प्रोग्रॅम.

हे नीट समजून घ्या. 'मायक्रोसॉफ्टचं आहे म्हणजे सेफ' हा नियम इथे मोडतो. डब्ल्यूस्क्रिप्ट, पॉवरशेल, रनडीएलएल ही नुसती वाहनं. रिक्षा परवान्याची आहे का, याने आत कोण बसलंय ते कळत नाही. कमांड लाइनमध्ये या नावांच्या पुढे काय लिहिलंय, कुठल्या फाइलचा पत्ता आहे, ते वाचायचं. डब्ल्यूस्क्रिप्ट ज्या भाषेतल्या स्क्रिप्ट चालवतं ती व्हीबीस्क्रिप्ट हळूहळू विंडोजमधून काढणार, असं मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये जाहीर केलं, त्यामागे हेही एक कारण आहे.

सगळं एका जागी बघायचं असेल तर 'ऑटोरन्स' नावाचं फुकट टूल आहे, सिसइंटर्नल्स या संचातलं. ही कंपनी मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये विकत घेतली, त्यामुळे मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून उतरवा, दुसरीकडून नको. गुलाबी ओळ म्हणजे फाइलवर कुणाची खात्रीची सही नाही. पिवळी म्हणजे पत्ता आहे पण फाइल नाही, आपलं मघाचं भूत. एखाद्या फाइलचा संशय आला तर तिथूनच व्हायरसटोटलवर तपासता येतं. पण ग्राहकांची कागदपत्रं कधीही तिथे अपलोड करू नका. तिथे टाकलेली फाइल इतर लोकही बघू शकतात.

मी ते शेड्युल्ड काम उडवलं, स्क्रिप्ट डिलीट केली, डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालवला. तो रीस्टार्ट करून विंडोज नीट सुरू व्हायच्या आधीच तपासतो, त्यामुळे लपलेल्यांना उठायला वेळ मिळत नाही. केंद्र सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'ची फुकट सफाईची टूल्सही २०१७ पासून उपलब्ध आहेत. पेन ड्राइव्हवाल्या मुलीला फोन करून घरचा लॅपटॉपही तपासायला सांगितलं.

ओळखीचं नाव, अनोळखी सामान

माझी चूक घरगुती होती. हाच प्रकार मोठा होतो तेव्हा कसा दिसतो, ते आपल्याच किनाऱ्याने पाहिलंय. २७ जून २०१७ ला जगभर 'नॉटपेट्या' पसरला. मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा कोलमडली आणि न्हावा-शेव्याच्या जेएनपीटीतलं तिच्या गटाचं कंटेनर टर्मिनल ठप्प झालं. मर्स्कने नंतर २० ते ३० कोटी डॉलरच्या नुकसानीचा अंदाज सांगितला. हे आलं कुठून? युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. प्रोग्रॅम ओळखीचा, रोजच्या वापरातला, सगळ्यांनी स्वतःहून टाकलेला. यादीत तो दिसला असता तर मीही 'ठीक आहे' म्हणून पुढे गेलो असतो.

दुसरं उदाहरण मुंबईचं. एप्रिल २०२४ मध्ये अवास्टच्या संशोधकांनी 'गुप्टीमायनर'बद्दल लिहिलं. मुंबईच्या ईस्कॅन अँटिव्हायरसचे अपडेट तेव्हा एन्क्रिप्शनशिवाय, साध्या एचटीटीपीवरून येत होते. हल्लेखोर मधल्या वाटेवर बसून अपडेटचं पाकीट बदलत होते. रखवालदाराच्याच डब्यातून चोर आत. कंपनीने ३१ जुलै २०२३ ला ही फट बुजवली.

आणि १९ जुलै २०२४ तर तुम्हाला आठवतच असेल, आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास. क्राउडस्ट्राइक हे सुरक्षेचं सॉफ्टवेअर विंडोजबरोबर अगदी सुरुवातीला उठतं, म्हणून त्याच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर उठतानाच कोसळले. तिथे हल्लेखोर कुणीच नव्हता.

माझं मत विचाराल तर यात मायक्रोसॉफ्टचाही वाटा आहे. वनड्राइव्ह, एज, टीम्स यांनी स्वतःच न विचारता स्टार्टअपमध्ये बसायची सवय लावली, मग प्रिंटरवाले आणि मीटिंगवाले का मागे राहतील? १९ ओळींच्या गर्दीत विसावा कोण आला ते कुणालाच कळत नाही. विंडोज ११ मध्ये नवीन प्रोग्रॅम स्टार्टअपमध्ये घुसला की नोटिफिकेशन मिळायची सोय आहे, सेटिंग्जमधल्या नोटिफिकेशनच्या यादीत तळाशी. ती चालू आहे का बघून घ्या.

फोनवालेही यातून सुटलेले नाहीत. व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलान' किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने येणारी एपीके फाइल टाकली की ती एसएमएस वाचायची परवानगी मागते आणि फोन रीस्टार्ट झाला तरी आपोआप परत उठते. अँड्रॉइडमध्ये 'फोन चालू झाला' हा इशारा ॲपला मिळतो, तोच तिचा स्टार्टअप. काही कंपन्यांच्या फोनमध्ये 'ऑटोस्टार्ट' अशी वेगळी यादी असते. आज ती एकदा उघडा. पैसे गेलेच असतील तर १९३० वर लगेच फोन करा.

मग मामाच्या पीसीचं काय

मामाच्या मूळ प्रश्नाकडे येतो. विंडोज १० बंद पडत नाही, पण नवीन सापडणाऱ्या भोकांना ठिगळं मिळत नाहीत. हा पीसी विंडोज ११ च्या अटींत बसत नाही, इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० लागतं. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट वाढवून दिलेत. विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती असेल, तर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की पैसे लागत नाहीत. नाहीतर १,००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर. विंडोज अपडेटच्या पानावर 'एनरोल'ची लिंक दिसते. आम्ही फुकटवाली घेतली.

लोकांच्या कागदपत्रांचे स्कॅन काम झालं की त्याच दिवशी डिलीट करायचे, हे मामाने मान्य केलं. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, आणि खरं सांगतो, वेगातला सगळ्यात मोठा फरक त्याने पडला. स्टार्टअप साफ करून जो मिळाला तो त्याच्यापुढे किरकोळ होता. ज्यासाठी मी त्या रात्री एवढी घाई केली ते काम मुळात डिस्कचं होतं.

सोमवारी सकाळी अभ्यंगस्नान उरकून मी स्कूटरने पाडले, आडे करत केळशीला गेलो. जीवन प्रमाण आता फोनवर चेहऱ्यानेही होतं. दोन ॲप लागतात, जीवन प्रमाणचं आणि 'आधार फेस आरडी'. म्हणजे इथेही मध्ये एक आरडी सर्व्हिस आहेच, फक्त ती आयकॉनच्या मागे लपलेली. आधी माझा चेहरा ऑपरेटर म्हणून, मग आजोबांचा. पहिल्यांदा उजेड कमी पडला, म्हणून त्यांना पडवीत आणून बसवलं. डोळ्यांची उघडझाप करा म्हटल्यावर ते हसायलाच लागले, त्यामुळे तिसऱ्या खेपेला जमलं.

दाखल्याचा मेसेज आल्यावर आजोबांनी करंज्या पुढे केल्या. मी त्यांना रविवारी काय झालं होतं ते सांगितलं, की अंगठा झिजलेला नव्हता, मी बंद केला होता. त्यांनी शांतपणे विचारलं, "मग त्या दुकानात आणखी कुणाकुणाचं काम अडलं?"

परत येऊन मामाला विचारलं. रविवारी आणखी दोघं परत गेले होते. त्यांची नावं मामाने वहीत लिहून ठेवली होती, त्यांना फोन लावला. आता सीपीयूवर एक कागद चिकटवलाय, मामाच्याच अक्षरात: कुठला प्रोग्रॅम कशासाठी, आणि कुठल्याला हात लावायचा नाही. पहिल्या ओळीत आरडी सर्व्हिस आहे. तिच्यापुढे कंसात माझं नाव.